शिडीवर पाय ठेवण्यापूर्वी

दिवाळीला पंधरा दिवस राहिले की भेस्तानच्या चाळींतून एक वस्तू घरोघर हिंडू लागते. कोणी ती जळमटे काढायला नेतो, कोणी चुना मारायला, कोणी माळ्यावरचे पितळेचे डबे खाली घ्यायला. डिसेंबरात तिच्यावर चढून नाताळचा तारा टांगला जातो आणि १४ जानेवारीला, उत्तरायणाच्या दिवशी, तीच गच्चीच्या कठड्याला टेकलेली दिसते. ही वस्तू म्हणजे शिडी. बहुधा साऱ्या गल्लीत एकच असते. ती मुळात कोणी आणली हे विचारले तर नीट उत्तर मिळत नाही. रंगारी विसरून गेला असेल किंवा मंडपवाल्याची राहून गेली असेल. गल्लीत आहे म्हणून ती सर्वांची.

आणि खरा धोका इथेच आहे असे आम्हांला वाटते. सायकल ज्याची असते तो तिचा ब्रेक पाहतो. बैल ज्याचा असतो तो त्याचे खूर पाहतो. सर्वांच्या शिडीकडे मात्र कोणीच पाहत नाही. मागच्या घरच्या माणसाला तिसरी पायरी हलताना जाणवलेली असते, पण त्याचे काम झालेले असते आणि तो ती पुढच्या दारात टेकवून निघून जातो. मागांच्या शेडमध्येही तेच. शिडी ‘खात्याची’ असते, म्हणजे कोणाचीच नसते. म्हणून या लेखात आम्ही एकच गोष्ट निरनिराळ्या अंगांनी सांगणार आहोत: ज्याचा पाय शिडीवर पडणार, तो तेवढ्या वेळेपुरता तिचा मालक. तपासणी त्यानेच करायची.

भेस्तान हे मुंबई-सुरत लोहमार्गावरचे उधना आणि सचिन यांच्या मधले स्टेशन. धुळे, नंदुरबार, जळगावकडून ताप्ती खोऱ्यातील गाडीने उधन्याला उतरलेल्या मराठी कुटुंबांनी उधना, पांडेसरा, लिंबायत, भेस्तान या पट्ट्यात संसार थाटले. शेतातला माणूस मागावर आला. गावी तो झाडावर सहज चढत होता, इथे तो शिडीवर चढतो, आणि झाडावर चढणाऱ्याला शिडी म्हणजे किरकोळ गोष्ट वाटते. ती किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाप्रमाणे जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मरण पावतात. अपघाती मृत्यूंत रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो. हे सारे शिडीवरून पडलेले नव्हेत, घरात पाय घसरून पडलेली म्हातारी माणसेही त्यांत आहेत. तरीही आकडा विचार करायला लावतो.

दहा फुटांवरून माणूस पडला तर जमिनीवर पोचायला त्याला सुमारे पाऊण सेकंद लागतो. तेवढ्या वेळात ‘अरे’ म्हणून होते, सावरणे होत नाही. जमिनीला लागताना त्याचा वेग ताशी सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर झालेला असतो. तेवढ्या वेगाने जाणाऱ्या मोटारसायकलवरून काँक्रीटवर पडायला कोणी तयार होईल का? शिडीच्या आठव्या-नवव्या पायरीवर मात्र आपण निर्धास्त उभे असतो.

शिडी पायाकडून जाते

लोक शिडीचे वरचे टोक नीट टेकले की नाही ते पाहतात. खालचे पाय बघत नाहीत. पुष्कळदा शिडी मोडत नाही, तिचे पाय मागे सरकतात आणि ती भिंतीवरून खाली घसरत येते. हे का होते ते समजून घेण्यासारखे आहे.

शिडी भिंतीला तिरपी टेकली की माणसाच्या वजनाचा काही भाग शिडीचे पाय भिंतीपासून बाहेर ढकलू लागतो. समजा शिडी बारा फूट उंचीवर टेकली आहे आणि वरच्या टोकाजवळ साठ किलोचा माणूस उभा आहे. पाय भिंतीपासून तीन फुटांवर असतील तर बाहेर ढकलणारा जोर सुमारे पंधरा किलोइतका होतो. तेच पाय सहा फुटांवर असतील तर तो तीस किलो होतो आणि बारा फुटांवर ठेवले तर पुरा साठ किलो. (शिडीचे स्वतःचे वजन सोडून आणि भिंत गुळगुळीत धरून केलेला हा साधा हिशोब आहे.) या जोराला अडवणारे काय? तर पाय आणि जमीन यांच्यामधली पकड, एवढेच.

आणखी एक गोष्ट. माणूस अर्ध्यावर असताना हा जोर निम्मा असतो, वर जाताजाता तो वाढत जातो. म्हणून वाईट लावलेली शिडी पहिल्या चार पायऱ्यांवर शांत राहते आणि माणूस वर पोचला की सरकते. ‘चढताना तर काही झाले नाही’ हे पडलेल्याचे शब्द खरे असतात.

यावरून गवंडी आणि रंगारी यांचा जुना ठोकताळा निघतो: चारास एक. शिडी जितक्या उंचीवर टेकते त्याच्या चौथ्या भागाइतके तिचे पाय भिंतीपासून दूर असावेत. बारा फुटांना तीन फूट, सोळा फुटांना चार. मोजपट्टी नसेल तर एक युक्ती आहे. शिडीच्या पायाला आपल्या पायांची बोटे लावून ताठ उभे राहावे आणि दोन्ही हात खांद्याच्या रेषेत समोर करावेत. तळवे शिडीच्या दांड्यांवर सहज टेकले तर उतार बरोबर आहे. हात कोपरात वाकवावे लागत असतील तर शिडी फार उभी आहे आणि चढताना ती माणसाला घेऊन मागे कलंडू शकते. हात पोचत नसतील तर ती फार पसरली आहे.

आता जमिनीकडे वळू. भेस्तान, पांडेसरा, सचिन या भागांतल्या शेडमध्ये तीन प्रकारची जमीन भेटते. साध्या पॉवरलूमच्या खाली तेल आणि सुताचा भुरा मिळून एक चिकट थर बसलेला असतो. वॉटरजेट मागांच्या खात्यात फरशी दिवसरात्र ओली असते. ताक्यांच्या गोदामात गुळगुळीत लादी. तिन्ही ठिकाणी शिडीच्या पायाची पकड कमी. तेथे प्रथम जमीन पुसून कोरडी करावी, मग शिडीच्या दोन्ही पायांना रबर असल्याची खात्री करावी. बांबूच्या शिडीला रबर नसतेच. अशा वेळी सायकलच्या जुन्या टायरचे तुकडे पायांना घट्ट आवळून बांधावेत. गोणपाट टाकण्याची पद्धत आहे, पण गुळगुळीत लादीवर गोणपाटच शिडीसकट सरकते. आम्हांला ती पद्धत पसंत नाही. एक पाय विटेवर आणि एक जमिनीवर, हा प्रकार तर कोणीही करू नये. जमीन उंचसखल असेल तर उंच बाजू खणावी, खोल बाजूला भर घालू नये.

खाली धरायला माणूस ठेवतात, त्याचाही उपयोग समजून घ्यावा. त्याने शिडीकडे तोंड करून दोन्ही दांडे धरावेत आणि एक पाय खालच्या पायरीवर दाबून ठेवावा. हातात मोबाइल घेऊन खांद्याने शिडीला रेलणारा सोबती असून नसल्यासारखा. शिवाय पंधरा-सोळा फुटांपेक्षा लांब शिडी एका माणसाच्या जोराने थांबत नाही. तिथे वरचे टोक दोरीने बांधलेच पाहिजे. बांधण्यासाठी चढणाऱ्या पहिल्या माणसाच्या वेळी खाली दोघांनी धरावे, नंतरचे सारे काम निर्धास्त होते. दोरीला काही रुपये पडतात आणि पाच मिनिटे लागतात.

चालू मागाला शिडी कधीही टेकवू नये. माग थरथरतो आणि शिडी इंचाइंचाने सरकते, चढलेल्याला ते कळतसुद्धा नाही. दाराच्या मागे शिडी लावायची झाली तर दाराला आतून कडी घालावी किंवा दार सताड उघडे ठेवून तिथे कोणाला तरी उभे करावे. खात्यात झाडलोट आणि दिवाबत्तीची कामे पुष्कळदा बंदच्या दिवशी काढतात. त्या दिवशी शेडमध्ये दुसरे माणूस नसते. पडलेला माणूस सापडायला संध्याकाळ होते. एकट्याने शिडीचे काम करूच नये, निदान हाकेच्या अंतरावर कोणी हवे.

बांबूची शिडी ओळखावी कशी

अ‍ॅल्युमिनियमची शिडी आता पुष्कळ ठिकाणी दिसते, पण गल्लीतली शिडी अजून बांबूचीच असते. ती हलकी, स्वस्त आणि चांगली असते, मात्र बांबू चांगला हवा. गावी बांबू तोडण्याचे दिवस ठरलेले असत. पावसाळा सरल्यावर, थंडीत, आणि जुन्या लोकांच्या सांगण्याप्रमाणे अंधाऱ्या पंधरवड्यात. पंधरवड्याचे आम्ही सांगत नाही, पण हंगामाला कारण आहे. बांबूच्या गाभ्यात पिष्ट असते आणि भुंगेरा त्याच्यासाठीच बांबू पोखरतो. कोवळ्या आणि भर वाढीतल्या बांबूत ते जास्त. म्हणून तीन वर्षांपुढचा पक्का बांबू थंडीत तोडून काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवत. पिष्ट पाण्याबरोबर निघून जाई आणि कीड लागत नसे. आज बाजारातून आणलेल्या शिडीचा बांबू कोणत्या महिन्यात तुटला हे दुकानदारालाही माहीत नसते. म्हणून डोळे आणि बोटे वापरावीत.

शिडी जमिनीवर आडवी टाकावी. दांड्यावर बारीक टाचणीएवढी भोके आणि खाली पिठासारखी पिवळी भुकटी दिसली तर आत भुंगेरा आहे. नखाने किंवा नाण्याने ठोकून पाहावे. पक्का बांबू खणखणतो, पोखरलेला बद्द वाजतो. पेराच्या लांबीने गेलेली केसासारखी चीर एक वेळ चालते, पण पेराला आडवी गेलेली किंवा पायरीच्या भोकातून निघालेली चीर चालत नाही. पायऱ्या खोबणीत बसवलेल्या असतील तर प्रत्येक पायरी हाताने पिळून पाहावी. फिरली म्हणजे खुंटी सैल झाली. काथ्याने बांधलेल्या असतील तर गाठीखालचा काथ्या पाहावा, तो तिथेच आधी कुजतो. शेवटी शिडीची दोन्ही टोके विटांवर ठेवून एकेका पायरीवर हळू भार द्यावा. जमिनीपासून वीतभर उंचीवर मोडलेल्या पायरीने कोणाची कंबर मोडत नाही.

एक गोष्ट आम्ही आवर्जून सांगतो. लाकडी किंवा बांबूच्या शिडीला ऑइलपेंट लावू नये. रंगाने ती नवी दिसते आणि चिरा झाकल्या जातात. जवसाचे तेल किंवा पारदर्शक वॉर्निश लावावे, म्हणजे आतले दिसत राहते. रंगवलेली जुनी शिडी कोणी विकायला आणली तर का रंगवली हा प्रश्न आधी मनात यावा. शिडी उन्हापावसात उभी ठेवण्यापेक्षा सावलीत, भिंतीला दोन-तीन खुंट्या मारून त्यांवर आडवी ठेवावी.

विकत घेताना भाषेचा गोंधळ होतो, म्हणून जाता जाता सांगतो: सुरतेत ‘सीडी’ म्हटले तर दुकानदार जिनाही समजतो. टेकवायची शिडी हवी असेल तर ‘निसरणी’ म्हणावे आणि दोन्ही बाजूंनी उघडणारी हवी असेल तर ‘घोडा’. अ‍ॅल्युमिनियमच्या शिडीवर किती किलोपर्यंत भार चालतो याची चिठ्ठी असते. त्यात माणसाबरोबर त्याच्या हातातल्या बादलीचे वजनही धरायचे असते. शिड्यांसाठी भारतीय मानक संस्थेचा वेगळा नियमसंच आहे (भारतीय मानक ३६९६, भाग दुसरा, १९९१). खात्यासाठी शिडी खरेदी करणाऱ्या मालकाने त्याची विचारणा करावी.

घोड्याचे दोन पाय पुरे उघडून मधली पट्टी किंवा दोरी ताणली जाईपर्यंत चढू नये. अर्धवट उघडलेला किंवा मिटलेला घोडा भिंतीला टेकवून वापरू नये. त्याच्या सर्वांत वरच्या दोन पायऱ्या उभे राहण्यासाठी नसतात. टेकवायच्या शिडीच्या वरच्या तीन पायऱ्याही तशाच, त्या हाताने धरण्यासाठी.

वर गेल्यावरची चूक एकच, पण ती सगळेच करतात. हात थोडासा पुरत नाही. उतरून शिडी दोन हात सरकवायचा कंटाळा येतो आणि माणूस कुशीवर ताणतो. लक्षात ठेवावे, आपली बेंबी दोन उभ्या दांड्यांच्या बाहेर जाता कामा नये. चढता-उतरताना दोन पाय व एक हात, किंवा दोन हात व एक पाय, असे तीन तरी टेकलेले असावेत. म्हणजे हातात काही धरून चढणे बंद. डबे, रंग, ताका जे काय असेल ते दोरी-बादलीने वर घ्यावे. बायकांनी साडीचा काठ खोचल्याशिवाय चढू नये, पायाखाली आलेला काठ खालच्या पायरीवर ओढून आणतो. सपाता पायांत असतील तर काढाव्यात. घट्ट बूट उत्तम, ते नसतील तर सैल सपातांपेक्षा अनवाणी पाय बरा.

आणि जिथे शिडीच नसते तिथे? खाटेवर खुर्ची, खुर्चीवर स्टूल, नाहीतर पाण्याचे पिंप. घरातले पुष्कळसे पडणे शिडीवरून नव्हे, तिच्या अशा बदलीवरून होते. पाच घरांनी मिळून चार पायऱ्यांचा एक घोडा घेतला तर एका मोडलेल्या मनगटाच्या खर्चापेक्षा तो स्वस्त पडेल. साठीच्या पुढच्या आजी-आजोबांनी मात्र त्याच्यावरही चढू नये. मान मागे टाकून वर पाहिले की उतारवयात चक्कर येते, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर अधिकच. काम करणारा नातू नसेल तर जळमटे राहू द्यावीत.

विजेची तार, माळा आणि बाग

गल्लीतून शिडी नेताना ती उभी धरून नेऊ नये, आडवी न्यावी. आमच्या वस्त्यांत विजेच्या तारा गच्चीच्या हाताशी आलेल्या असतात. अकरा हजार व्होल्टच्या तारेला शिडी प्रत्यक्ष लागावीच लागते असे नाही, अगदी जवळ गेली तरी वीज उडी घेते. निदान दहा फूट अंतर सोडावे. अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड विजेच्या कामाला वर्ज्य, आणि ओला बांबूही वीज वाहतो हे विसरू नये. उत्तरायणाला तारेत अडकलेला पतंग काढण्यासाठी पोरे शिडी घेऊन धावतात. पतंग पाच रुपयांचा असतो. गच्चीवर चढण्यासाठी लावलेली शिडी कठड्याच्या वर तीन फूट निघालेली असावी, म्हणजे शिडी सोडताना हाताला धरायला काही राहते. कठड्याच्या बरोबरीने संपणाऱ्या शिडीवरून उतरताना पहिला पाय हवेत चाचपडतो.

लहान खोल्यांत माळ्यावर जाण्यासाठी भिंतीला उभी लोखंडी शिडी जोडलेली असते. तिच्या पायऱ्या आणि भिंत यांच्यामध्ये सहा-सात इंच जागा हवी, नाहीतर पायाची फक्त बोटेच टेकतात. जोडाचा गंज वर्षातून एकदा खरवडून पाहावा. अशी शिडी चढताना तसेच उतरतानाही तोंड तिच्याकडेच असावे. रांगते मूल असलेल्या घरात खालच्या तीन-चार पायऱ्यांवर फळी बांधून ठेवावी.

काही शेडमध्ये मागांच्या वर माळा करून कारीगर झोपतात आणि खाली येण्याची वाट म्हणजे एक शिडी. रात्री तिच्यापाशी ताके किंवा बीम रचले की ती वाटही अडते. २४ मे २०१९ रोजी सुरतेच्या सरथाणा भागात तक्षशिला इमारतीला आग लागली, वरच्या मजल्यावरच्या क्लासमधल्या मुलांची खाली यायची वाट धुराने आणि आगीने बंद झाली आणि अनेकांनी वरून उड्या घेतल्या. बावीस जीव गेले. जिथे माणसे झोपतात तिथे उतरण्याच्या दोन वाटा हव्यात आणि दोन्ही मोकळ्या हव्यात. ही गोष्ट कारीगरांनी मालकाकडे एकत्र जाऊन मागावी, एकट्याने मागितली तर ऐकली जात नाही.

गावी शेती असलेल्यांसाठी थोडे. आंब्या-चिकूच्या बागेत चार पायांचा घोडा डगमगतो, कारण जमीन कुठेच सपाट नसते. तिवई कधी डगमगत नाही, तीन पाय कोणत्याही जमिनीवर टेकतातच. त्याच तत्त्वावर परदेशी बागांत तीन पायांच्या शिड्या वापरतात. आपल्या सुतारालाही त्या करता येतील: पुढे रुंद बुडाची शिडी, मागे बिजागरीने जोडलेला एक बांबू. झाडाला शिडी टेकवायची तर जाड बेचक्यात टेकवून बांधावी. जांभूळ आणि शेवगा यांच्या फांद्यांचा भरवसा नाही, त्या न वाकता एकदम मोडतात. आंब्यासाठी तर शिडीची गरजच कमी करता येते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेला ‘नूतन झेला’ जमिनीवरून फळ देठासकट कापून जाळीत घेतो. फळाला चीक लागत नाही आणि माणूसही जमिनीवर राहतो.

विहिरीत, हौदात किंवा रंगखात्याच्या गाळाच्या टाकीत शिडीने उतरणे हा वेगळाच विषय आहे, त्यावर स्वतंत्र लिहावे लागेल. तूर्त एवढेच, की आत उतरलेला माणूस अचानक कोसळला तर त्याच्यामागे शिडीने उतरू नये. आत विषारी वायू असतो आणि दुसरा माणूसही तिथेच पडतो. अग्निशमन दलाला बोलवावे.

माणूस पडलाच तर

पहिली धाव त्याला उठवून बसवण्याची असते. तेच करू नये. मणका मोडला असेल तर बसवल्याने, किंवा हातापायांना धरून झोळीसारखे उचलून रिक्षात दुमडून घातल्याने, आतली मज्जारज्जू कायमची दुखावते. पडला तिथेच त्याला राहू द्यावे, डोके आणि मान दोन्ही हातांनी स्थिर धरावी आणि १०८ ला फोन करावा. ही सेवा गुजरातेत २००७ पासून आहे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरावे. पाणी, चहा काही पाजू नये, पुढे शस्त्रक्रिया लागू शकते. ओकारी आली तर डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून तिघांनी मिळून ओंडक्यासारखे कुशीवर वळवावे. श्वास बंद असेल तर मात्र मणक्याचा विचार बाजूला ठेवून छातीवर दाब देणे सुरू करावे.

उभा पडलेला माणूस टाच दुखते म्हणतो. त्याच्या कमरेचीही तपासणी डॉक्टरांकडून करून घ्यावी. टाचेवर आदळलेला जोर पायातून वर मणक्यापर्यंत जातो आणि टाच मोडलेल्या काही जणांचा कमरेचा मणकाही मोडलेला असतो. टाचेच्या दुखण्यापुढे तो लक्षात येत नाही. डोक्याला मार बसलेला माणूस बोलतो-चालतो म्हणून निश्चिंत राहू नये. पुढचे चोवीस तास घरच्यांनी लक्ष ठेवावे. वाढत जाणारी डोकेदुखी, वरचेवर ओकारी, गुंगी, अडखळते बोलणे, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे यांपैकी काहीही झाले तर तडक मोठे रुग्णालय. सुरतेत नवी सिव्हिल आणि महापालिकेचे स्मीमेर अशी दोन मोठी सरकारी रुग्णालये आहेत. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्याने तर लक्षणांची वाट न पाहता जावे.

अपघात कामावर झाला असेल तर त्याच दिवशी तो अपघाताच्या वहीत नोंदवून घ्यावा. ‘घरी पडला असे सांग, खर्च आम्ही करतो’ असे कोणी म्हटले तर ऐकू नये. ई.एस.आय.मध्ये नाव असलेल्या कामगाराला कामावरच्या इजेसाठी, बरा होईपर्यंत, रोजाच्या सुमारे नव्वद टक्के भत्ता मिळतो आणि त्यासाठी किती महिने वर्गणी भरली हे पाहिले जात नाही. घरी पडलो असे एकदा लिहून गेले की हा हक्क जातो. उंचावर काम करणाऱ्याला पडण्यापासून सांभाळणे ही मालकाची जबाबदारी १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३२ व्या कलमातच लिहिली गेली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा कामाच्या सुरक्षिततेविषयीच्या २०२० च्या संहितेने घेतली आहे, मालकाची जबाबदारी मात्र टळलेली नाही.

आता त्या गल्लीतल्या शिडीचे काय करावे? तपासणीत ती चांगली निघाली तर दांड्यावर खडूने तारीख लिहून ठेवावी, पुढच्या माणसाला कळेल. निकामी निघाली तर ती कोपऱ्यात सारून ठेवू नये. कोपऱ्यातली शिडी कोणीतरी उचलतोच, बहुधा अंधारात आणि घाईत. बांबूची असेल तर करवतीने मधोमध कापून चुलीत घालावी. अ‍ॅल्युमिनियमची भंगारवाल्याला द्यायची झाली तरी आधी तिचे दोन तुकडे करावेत, नाहीतर तो ती तशीच दुसऱ्या गल्लीत विकून येईल.